मागच्या सीटवर कोण बसणार?

घरात गाडी घ्यायचं ठरलं की पहिली चर्चा होते रंगाची, दुसरी किमतीची आणि तिसरी ॲव्हरेजची. मुलं टीव्हीसारखा पडदा किती इंची आहे ते बघतात. नातेवाईक आपल्या साडूने कोणती घेतली ते सांगतात. शोरूममधला मुलगा पुढचं दार उघडून आदबीने उभा राहतो आणि म्हणतो, "बसून बघा ना, सर." सर बसतात, स्टिअरिंगवर हात ठेवतात, आरशात केस नीट करतात आणि गाडी पसंत पडते. या सगळ्या गडबडीत मागच्या सीटवर कुणी बसून बघत नाही. बसलंच तर मिनिटभर, तेही गाडी जागच्या जागी उभी असताना.

पण आपल्या घरांतून मागच्या सीटवर कोण बसतं हो? आई-वडील, मुलं, मांडीवर डबा घेतलेली आत्या, लग्नाला निघालेली मावशी. जो पैसे भरतो तो पुढे बसतो आणि जी माणसं सहसा तक्रार करत नाहीत ती मागे बसतात. म्हणून गाडीतली जागा आणि आराम मोजायचा तो मागच्या सीटवरून, असं माझं आता ठाम मत झालं आहे. गेल्या हिवाळ्यात जबलपूरला आमच्या दारात चार-चार दिवस दोन अगदी वेगळ्या गाड्या उभ्या होत्या. एक स्पोर्ट्स कुपे, दुसरी हायब्रिड हॅचबॅक. दोन्हींत आम्ही घरातली सगळी माणसं बसवून पाहिली. त्या आठ दिवसांत हे मत पक्कं झालं.

दोन गाड्या, एक किंमत

आमचं घर नेपियर टाउनमध्ये. सासरे व्हेइकल फॅक्टरीतून निवृत्त झालेले, सासूबाईंचे दोन्ही गुडघे संधिवाताने धरलेले, आम्ही दोघं आणि अकरा वर्षांची मुलगी. माणसं मोजून पाच. जुनी गाडी सोळा वर्षं चालवून अखेर विकून टाकली होती आणि नवी-जुनी काही तरी बघायचं चाललं होतं.

तेवढ्यात पुण्याहून धाकट्या दिरांचा फोन आला. त्यांना कंपनी तीन वर्षांसाठी जर्मनीला पाठवत होती आणि त्यांची लाल रंगाची, दोन दारांची परदेशी कुपे विकायची होती. "वहिनी, बाहेरच्या माणसाला द्यायला जिवावर येतं. दादानेच घ्यावी," ते म्हणाले. घरच्या माणसाला म्हणून त्यांनी जी किंमत सांगितली, जवळजवळ तेवढ्याच किमतीत यांच्या रेल्वेतल्या एका मित्राची हायब्रिड हॅचबॅक मिळत होती, कारण त्याची बदली झाली होती. दोघांनीही चार-चार दिवस गाडी वापरून बघायला दिली. भाऊजी तर स्वतः कुपे चालवत पुण्याहून आले.

इथे यांची बाजूही सांगायला हवी. हे अठराव्या वर्षापासून स्कूटरवर. नोकरी लागल्यावर आधी धाकट्या भावाचं शिक्षण, मग घराचं कर्ज, मग मुलीची शाळा. यांच्या कॉलेजच्या वह्या अजून माळ्यावर आहेत. त्यांच्या शेवटच्या पानांवर दोन दारांच्या, लांब नाकाच्या गाड्यांची चित्रं आहेत. आता चाळिशी आली आणि तीच गाडी दारात येऊन उभी राहिली. "ही घेऊ नका" असं कुणी तोंड वर करून म्हणावं, असा हा हट्ट नव्हता. मलाही ते म्हणायचं नव्हतं.

कुपे म्हणजे दोघांचा डबा

'कुपे' हा शब्द आपल्याला मोटारीच्या आधी रेल्वेने शिकवला. फर्स्ट क्लासमध्ये चार बर्थची केबिन असते आणि दोनच बर्थचा कुपे. नवविवाहित जोडप्याला कुपे मिळाला की अख्खं स्टेशन हसायचं. मूळ शब्द फ्रेंच, अर्थ 'कापलेला'. घोड्यांच्या जमान्यात चार माणसांच्या बग्गीची एक बाजू कापून दोघांपुरती जी छोटी गाडी केली, ती कुपे. पुढे मोटारी आल्या तेव्हा मागे उतरत्या छपराच्या, दोन दारांच्या गाडीला तेच नाव पडलं. म्हणजे जागा कापलेली आहे, हे कुपे आपल्या नावातच सांगून टाकते.

आपल्याकडे ज्या थोड्या स्पोर्ट्स गाड्या बनल्या त्यांनी तर मागची सीट ठेवलीच नाही. १९९८ मध्ये आलेली सॅन कंपनीची 'स्टॉर्म' दोनच माणसांची होती. मुंबईचे मोटार डिझायनर दिलीप छाब्रिया यांनी २०१२ साली दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत मांडलेली 'अवंती' ही कुपेही दोघांचीच. परदेशी कुपेंमध्ये बहुधा मागे दोन सीट असतात, पण त्या पूर्ण माणसासाठी नसतात. इंग्रजीत त्या रचनेला 'टू प्लस टू' म्हणतात. चार म्हणायचं टाळून 'दोन अधिक दोन' म्हटलं आहे, त्यात सगळं आलं.

आकडे बघितले तर गंमत कळते. २०१६ साली भारतात विकायला आलेली फोर्ड मस्टँग ही प्रसिद्ध कुपे लांबीला जवळजवळ ४.७८ मीटर. २०१० साली आपल्याकडे आलेली टोयोटाची प्रियस ही हायब्रिड हॅचबॅक ४.४६ मीटर, म्हणजे एका फुटाहून जास्त आखूड. पण मागच्या माणसाच्या पायांसाठी मस्टँगमध्ये सुमारे ३० इंच जागा आणि प्रियसमध्ये ३६ इंच. गाडी लांब आणि जागा कमी! मग एवढी लांबी गेली कुठे? ती गेली पुढच्या नाकात, जिथे मोठं इंजिन उभं बसवलेलं असतं. उरलेली उतरत्या छपराने खाल्ली.

ही कंपन्यांची फसवणूक नाही. स्पोर्ट्स गाडी वळणावर जमिनीला चिकटून राहावी म्हणून ती बुटकी करतात, सीट खाली ठेवतात, स्प्रिंग कडक लावतात, टायर रुंद आणि बारीक रबराचे घालतात. हे सगळं चालवणाऱ्याच्या सुखासाठी असतं, आणि ते त्याला मिळतंही.

पुढच्या सीटचं सुख

कुपेच्या पुढच्या सीटवर मी पहिल्यांदा बसले तेव्हा खोटं कशाला सांगू, खुर्चीने मिठी मारल्यासारखं वाटलं. दोन्ही बाजूंनी उंच कडा, पाठीचा खालचा भाग नेमका टेकलेला, पाय सरळ समोर पसरलेले. संध्याकाळी आम्ही दोघंच भेडाघाटच्या रस्त्याने गेलो. इंजिनाचा आवाज असा की माणूस बोलणं विसरून ऐकत राहतो. मीही थोडी चालवली. वळणावर गाडी जराही कलत नव्हती. लग्नाला तेरा वर्षं झाल्यावर दोघंच असे निघण्याचे प्रसंग किती येतात? परतताना हे शीळ घालत होते. त्या दिवशी तुम्ही मला विचारलं असतं, तर मी हीच गाडी म्हणाले असते.

रविवारी सगळ्यांनी मिळून ग्वारीघाटावर नर्मदेच्या आरतीला जायचं ठरलं. गाडीला सीट चार, माणसं पाच. पाचव्याचं काय, हा प्रश्न कुणाच्या तोंडून निघण्याआधीच सासूबाईंनी उत्तर देऊन टाकलं. "मी थांबते घरी. दूधवाला यायचाय." आरती सूर्यास्ताची, आणि आमच्याकडे दूधवाला येतो सकाळी सहाला. कुणी काही बोललं नाही.

सासरे पुढे बसले. मी आणि मुलगी मागे. मागे जायचं म्हणजे पुढची सीट ओढून वाकवायची, मग आपण वाकायचं, एक पाय आत टाकायचा आणि साडी सांभाळत उरलेलं शरीर त्याच्या मागून ओढायचं. बसल्यावर गुडघे छातीशी आणि डोकं तिरप्या काचेला. बाजूला खिडकी म्हणावी तर हाताच्या पंजाएवढा तुकडा, तोही न उघडणारा. मुलीला सुरुवातीला मजा वाटली. गुहेत बसल्यासारखं वाटतं म्हणाली. रामपूर चौक गेल्यावर तिला मळमळू लागलं. गाडी लागण्याचं एक कारण हेच असतं. शरीराला हलणं कळतं, पण डोळ्यांना बाहेरचा रस्ता आणि क्षितिज दिसत नाही, आणि दोघांचा मेळ न बसल्याने जीव कासावीस होतो. बारीक टायर आणि कडक स्प्रिंगमुळे रस्त्यातला प्रत्येक खड्डा आम्हाला वेगळा मोजता येत होता. पुढे बसलेल्या सासऱ्यांनी आरतीनंतर उतरताना दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली, दोनदा झोका घेतला आणि तिसऱ्यांदा उठले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना आग्रहाने पुढच्या सीटवर बसवून गोलबाजारापर्यंत एक फेरी मारून आणली. गाडी कशी वाटली म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "छान आहे हो. मऊ आहे." उतरवताना मात्र यांनी एक हात धरला, मी दुसरा. शिवाय कुपेचं दार चांगलं चार फूट लांब. बाजूला दुसरी गाडी उभी असल्याने ते अर्धंच उघडत होतं. त्या दोन मिनिटांत सासूबाई एकदाही कण्हल्या नाहीत. फक्त घरात आल्यावर त्यांनी शेकायची पिशवी मागितली.

बाबांची टेप

आमच्या सासऱ्यांना फॅक्टरीतली सवय अशी की त्यांचा कुणाच्या मतावर विश्वास नाही, मोजमापावर आहे. जबलपूर हे तसं गाड्यांचंच गाव. इथली गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची आणि व्हेइकल फॅक्टरी १९६९ सालची. लष्कराचे शक्तिमान ट्रक इथले, आणि 'जोंगा' ही गाडी तर गावाचं नाव घेऊनच जन्मली. जबलपूर, ऑर्डनन्स आणि गन कॅरेज या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'जोंगा'. निसानच्या पेट्रोल नावाच्या जीपवरून बनवलेली ही दणकट गाडी १९९९ पर्यंत तयार होत होती. बाबा १९७२ मध्ये फॅक्टरीत लागले आणि बरीच वर्षं सीट आणि हुडाच्या कामावर होते.

"जोंगाची सीट गादी म्हणून कुणी नावाजली नसती," ते सांगतात. "पण तिच्यात जवान बूट घालून, पाठीवर सामान घेऊन चढत-उतरत असे. सीटचं पहिलं काम माणसाला बसू देणं, दुसरं काम उठू देणं. लोक दुसरं विसरतात."

त्यांनी टेप काढली. जेवणाच्या टेबलाची खुर्ची जमिनीपासून अठरा इंच. कुपेची सीट पंधरा. तीन इंचांनी काय होतं, असं मला वाटलं. बाबांनी मला बैठ्या पाटावरून आणि मग खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावलं. सीट जितकी खाली तितका गुडघा जास्त मुडपतो आणि उठताना सगळा भार त्याच्यावर येतो. गुडघ्याच्या दुखण्यात आणि शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सखल आसनावर बसू नका असं सांगतात, ते याच कारणाने. शिवाय कुपेच्या दाराखालची पट्टी रुंद, त्यामुळे पाय लांब टाकावा लागतो. छप्पर बुटकं, त्यामुळे मान वाकवावी लागते. म्हणजे गुडघा, कंबर आणि मान, तिघांनाही एकाच वेळी कामाला लावायचं.

मग त्यांनी मला बसलेल्या माणसाची मांडी बघायला सांगितली. मांडी सीटवर पूर्ण टेकली पाहिजे आणि पाऊल सपाट जमिनीवर पाहिजे. गुडघे वर उचलले गेले की वजन माकडहाडावर येतं आणि तासाभरात कंबर बोलू लागते. कुपेच्या मागच्या सीटवर मुलीचेसुद्धा गुडघे वर होते.

बुटक्या गाडीतलं उंच घर

पाचव्या दिवशी भाऊजी कुपे घेऊन नागपूरला मित्राकडे गेले आणि दारात राखाडी रंगाची हॅचबॅक आली. दिसायला अगदी साधी. गल्लीतल्या मुलांनी कुपेभोवती गर्दी केली होती. हिच्याकडे कुत्र्यानेही मान वळवली नाही.

छोट्या गाडीत मोठी जागा कशी मावते, याचं उत्तर १९५९ सालच्या ब्रिटिश 'मिनी'त आहे. ॲलेक इसिगोनिस या इंजिनिअरने इंजिन आडवं बसवलं आणि पुढच्याच चाकांना जोडलं. इंजिनाचं नाक आखूड झालं, मागच्या चाकांपर्यंत जाणारा दांडा गेला आणि त्याच्यासाठी गाडीच्या मधोमध लागणारा उंचवटाही गेला. अवघ्या दहा फुटांच्या त्या गाडीत चार माणसं बसत. आपल्याकडे १९८३ साली आलेली मारुती ८०० त्याच वाटेवरची. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक हॅचबॅक याच कल्पनेची नातवंडं आहेत. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड, लहान इंजिनाच्या गाड्यांना करात सवलत मिळाली, तेव्हापासून तर आपल्याकडे गाडी लांबीला वाढवण्याऐवजी उंचीला वाढवून जागा काढण्याची शर्यतच लागली. मारुतीची २०१५ ची बलेनो घ्या. लांबी ३९९५ मिलिमीटर, चार मीटरला फक्त पाच कमी! मस्टँगपेक्षा ती अडीच फुटांहून आखूड आणि तरी पाच इंचांनी उंच.

आता हायब्रिडचं. या गाडीत पेट्रोलच्या इंजिनाला विजेच्या मोटारीची जोड असते. ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठते आणि पुढे वापरली जाते. १९९७ साली जपानमध्ये निघालेली प्रियस ही मोठ्या प्रमाणावर बनलेली पहिली हायब्रिड. पण बॅटरी कुठे तरी ठेवावी लागतेच आणि जागेचं भांडण तिथे सुरू होतं. २००८ साली आपल्याकडे आलेल्या होंडा सिव्हिक हायब्रिडमध्ये ती मागच्या सीटच्या पाठीशी होती, त्यामुळे डिकी लहान झाली. २००९ सालच्या प्रियसमध्ये ती डिकीच्या तळाखाली गेली, पुढच्या पिढीत मागच्या सीटखाली. २०१९ मध्ये आपल्याकडे बलेनो आणि टोयोटा ग्लान्झा या हॅचबॅक सौम्य हायब्रिड रूपात आल्या, त्यांची छोटी लिथियम बॅटरी पुढच्या डाव्या सीटखाली मावली. तीन वर्षांनी ती सोय बंद झाली, पण जुन्या बाजारात त्या गाड्या दिसतात. सौम्य म्हणण्याचं कारण असं की अशी गाडी नुसत्या विजेवर धावत नाही. मोटार फक्त इंजिनाला हात देते. मित्राची गाडी याच जातीची होती.

तिच्यात बाबांनी टेप लावली. सीट जमिनीपासून एकवीस इंच. "ना वाकायचं, ना चढायचं," ते म्हणाले, "नुसतं सरकायचं."

उणिवाही सांगते, नाही तर हे जाहिरातीसारखं वाटेल. पुढच्या सीट साध्या, कुपेसारखी मिठी नाही. वेग वाढला की टायरचा आवाज आत येतो. वळणावर गाडी कलते. मागे मधल्या माणसाला नीट आराम नसतो, आणि त्या काळच्या या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांत मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा असे. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं तेव्हा कशी शांतता पसरते! पण सौम्य हायब्रिडमध्ये एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावरच फिरतो, म्हणून तेवढा वेळ नुसता पंखा चालतो. थंडीत ते जाणवलं नाही, पण जबलपूरचा मे महिना ज्याने काढला आहे त्याने हे लक्षात ठेवावं. आत फार तापलं की इंजिन पुन्हा सुरू होतं, एवढाच दिलासा.

आणि सामान? कुपेची डिकी लिटरमध्ये मोजली तर लहान नव्हती, पण तिचं तोंड पत्रपेटीसारखं. थंडीत जबलपूरचा मटार नागपूरच्या नणंदेला पाठवायचा आमचा नेम आहे. मटाराचं पोतं त्या तोंडातून जाईना. हॅचबॅकचं मागचं दार छपरापासून उघडतं. पोतं, लोणच्याची बरणी आणि बाबांची घडीची खुर्ची सगळं आत गेलं.

संक्रांतीचा दिवस

योगायोगाने हॅचबॅकच्या त्या चार दिवसांत संक्रांत आली. ऑर्डनन्स फॅक्टऱ्या, रेल्वे आणि हायकोर्टाच्या नोकऱ्यांनी जबलपुरात मराठी घरं बरीच आणली. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत त्या घरांतून हळदीकुंकवाची आमंत्रणं असतात. सासूबाई एके काळी दिवसात पाच-पाच घरं करीत. गेली दोन वर्षं त्यांनी जाणं सोडलं होतं. "आता हौस राहिली नाही," त्या म्हणत. ग्वारीघाट सोडला, भिशी सोडली, नागपूरला माहेरी जाणंही सोडलं. वय झालं की माणसाचं मन मागे येतं, असं आपण म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो.

त्या दुपारी मी गाडी काढत होते, राइट टाउनमधल्या एका घरी वाण द्यायला. सासूबाई पायरीवर उभ्या होत्या. म्हणाल्या, "जाऊन बसून तर बघते." मागचं दार मी उघडून ठेवलं आणि पुढून वळून येईपर्यंत त्या बसलेल्या होत्या. आधी बसल्या, मग एकेक पाय आत घेतला. हात कुणाचा धरला नाही. राइट टाउनला उतरतानाही तसंच. पाय बाहेर, टेकवले, उठल्या, पदर सारखा केला आणि माझ्या आधी फाटकातून आत गेल्या.

त्या दिवशी आम्ही तीन घरं केली. तिसऱ्या घरून निघताना त्या विचारत्या झाल्या, "मदनमहालवरून तो नवा उड्डाणपूल जातो, तो मी पाहिला नाही. लांब पडेल का?" दमोहनाक्यापर्यंतचा तो पूल २०२५ साली खुला झाला तेव्हा सगळं गाव एकदा तरी त्यावरून फिरून आलं होतं. आम्ही पुलावरून गेलो आणि परत आलो. त्या पूर्ण वेळ खिडकीतून बाहेर बघत होत्या आणि खाली दिसणाऱ्या एकेका गल्लीत पूर्वी कोण राहत असे ते सांगत होत्या. हौस कुठेही गेली नव्हती. ती दोन वर्षं गाडीच्या दारात अडून बसली होती.

कुणाच्या मापाची गाडी?

निर्णय यांनीच घेतला. मी, बाबा, कुणीही शब्दाने सुचवलं नव्हतं. संक्रांतीच्या रात्री जेवणं झाल्यावर हे अंगणात त्या राखाडी गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. बराच वेळ बसले. मग आत येऊन मला म्हणाले, "दोन दारांची गाडी मला वीस वर्षांनीही घेता येईल. आईला फिरवायला माझ्याकडे वीस वर्षं नाहीत."

हे म्हणणं त्यांना सोपं गेलं असेल असं मला वाटत नाही. भाऊजींनी पुण्यात कुपे विकल्याचं कळवलं त्या दिवशी हे फारसे बोलले नाहीत. वह्या मी माळ्यावरच ठेवल्या आहेत, रद्दीत घातल्या नाहीत. एकाच्या सोयीसाठी दुसऱ्याने काही तरी सोडलं, ही गोष्ट घरात विसरली जाऊ नये. एरवी अशा वेळी काय आणि कुणी सोडायचं हे ठरलेलंच असतं. ज्याच्या तोंडून "मी थांबते घरी" सहज निघतं, त्याने. या वेळी ते दुसऱ्या कुणी तरी सोडलं, एवढाच फरक.

कुपे वाईट गाडी नाही. दोघंच असाल, मणके धडधाकट असतील, रस्ता चांगला असेल, तर तिच्यासारखं सुख नाही. पण घरात एकच गाडी असणार असेल, तर ती घरातल्या सर्वांत तरुण इच्छेच्या मापाची घ्यायची की सर्वांत दुखऱ्या गुडघ्याच्या, हे आधी ठरवावं लागतं. कोणतं माप धरायचं हे प्रत्येक घराने आपलं पाहावं. फक्त ते न मोजता ठरू नये.

बघायला जाल तेव्हा

तुम्ही गाडी बघायला निघाला असाल तर काही गोष्टी आवर्जून करा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला आणि सर्वांत लहान मुलाला बरोबर न्या. चालवणाऱ्याची सीट त्याच्या सोयीने मागे सरकवून घ्या आणि मग तिच्या मागे बसून बघा. पुढची सीट पुढे ओढून दाखवलेली जागा खरी नसते. मांडी टेकते का, पाऊल सपाट राहतं का, डोकं छपराला लागतं का, बाहेरचा रस्ता दिसतो का, हे पाहा. दार अर्धंच उघडून उतरून बघा, कारण बाजारात तेवढंच उघडतं. तुमच्या गल्लीत असतात तसल्या खड्ड्यांवरून मागे बसून फेरी मारा. हायब्रिड असेल तर बॅटरी कुठे आहे, तिने कुणाची जागा घेतली आहे आणि सिग्नलला एसीचं काय होतं, हे विचारा. जुनी घेत असाल तर बॅटरीची तपासणी करून घ्या.

आणि मागचे पट्टे लावून बघा. आजींच्या हाताला खाच सापडते का? ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. मागे बसणाऱ्यालाही पट्टा लागतो, हे त्यानंतर पुष्कळांना पटलं.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वडीलधाऱ्यांना गाडी कशी वाटली, हे नुसतं विचारून थांबू नका. ते छानच म्हणणार. मुलांच्या आनंदावर पाणी घालायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय. त्यांना उतरताना बघा. हात कशाला धरतात, किती वेळा झोका घेतात, उभं राहिल्यावर पहिलं पाऊल टाकायला किती वेळ घेतात, ते बघा. तुम्हाला हवं ते उत्तर तिथे मिळेल.

आमच्या गाडीत मागची डावीकडची, फुटपाथच्या बाजूची जागा आता सासूबाईंची ठरली आहे. तिथे त्यांची छोटी उशी असते आणि दाराच्या खणात बडीशेपेची डबी. मार्चमध्ये आम्ही पाचही जण लखनादौन, सिवनीवरून नागपूरला जाऊन आलो. पेंचच्या जंगलात जनावरांना खालून जाता यावं म्हणून रस्ता खांबांवर उचलला आहे, तो त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. घरी परतल्यावर त्या रात्री त्यांनी शेकायची पिशवी मागितली नाही. मागितलं ते कॅलेंडर, पुढची सलग सुट्टी कधी येते ते बघायला.